अळूचे भाऊबंद आणि घरातलं मांजर

मे महिन्यात भर दुपारी मांडवीच्या वाळूवर लक्समीटर धरला तर आकडा लाखाच्या आसपास जातो. तोच मीटर माळनाक्यावरच्या एखाद्या इमारतीत न्या आणि दिवाणखान्यात खिडकीपासून दहा-बारा फूट आत, सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवा. शंभर, फार तर दीडशे. जवळजवळ हजारपटीची घसरण झाली, तरी चहाला आलेले पाहुणे म्हणतात, "तुमच्याकडे उजेड छान येतो हो." त्यांचंही बरोबर आहे. माणसाचा डोळा उजेडाशी जमवून घेतो. बाहुली मोठी होते, पडद्यातल्या पेशी जास्त संवेदनशील होतात, आणि पेपर वाचता आला की डोळ्याचं समाधान होतं.

त्याच सोफ्यावर मांजर पसरलेलं असतं. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकचकीत थर असतो. पेशींच्या हातून निसटलेला उजेड तो पुन्हा त्यांच्याकडे परतवतो. माणसाला पाहायला जेवढा उजेड लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्यात मांजराचं भागतं, त्यामुळे हा कोपरा त्याला लख्ख दिसतो. आणि कुंडीतलं पान? ते उजेडावर जेवतं. जेवणाऱ्याला नुसतं जमवून घेऊन चालत नाही. तिघं एकाच खोलीत राहतात, पण एकाची दुपार ती दुसऱ्याची रात्र आहे.

रत्नागिरीत या काळोखाचा एक वेगळाच खेळ चालतो. घरातल्या झाडांवरची बहुतेक पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली. उत्तरेच्या खिडकीत दुपारचं ऊन कधीच येत नाही, दक्षिणेची खिडकी सगळ्यात उजळ, असं त्यात ठामपणे सांगितलेलं असतं. लंडनला ते खरं आहे. रत्नागिरी मात्र १७ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या चांगलीच खाली. मेच्या ८-९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि मधले जवळजवळ तीन महिने दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत तो इतका डोक्यावर असतो की सगळं ऊन स्लॅब आणि सज्जे झेलतात, खिडकीतून आत काहीच शिरत नाही. म्हणजे शहर सगळ्यात जास्त तापलेलं असतं तेव्हा खोल्या आतून अंधाऱ्या! डिसेंबरात उलट. दुपारचा सूर्य जेमतेम पन्नास अंश वर चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट पलंगापर्यंत येतो. उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मिळण्याचा काळ आला की पाऊस सुरू होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा हा पाऊस आभाळ बंद करून टाकतो, आणि झड आत येऊ नये म्हणून बाल्कनीला लावलेलं निळं प्लास्टिक उरलासुरला उजेड अडवतं. मग सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट लावून आपण भाजी निवडतो.

जुनी कोकणी घरंही अंधारीच होती. कौलारू छप्पर खाली वाकलेलं, पडवीला झापं बांधलेली, माजघरात दिवसाही चाचपडत जायचं. त्यावर तोडगा म्हणजे छपरात एखादं काचेचं कौल. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत जायचा. दाट जंगलाच्या तळाशी नेमकं हेच चालतं. वरच्या पानांनी सगळं ओरबाडून झाल्यावर खाली एक-दोन टक्के उजेड पोचतो, आणि त्यातलाही मोठा वाटा, कधीकधी निम्म्याहून जास्त, सरकत्या कवडशांतून मिळतो. तळातलं पान त्यासाठी तयारीत असतं. काही मिनिटांचा कवडसा पडला की त्याचा कारखाना भराभर चालू होतो आणि कवडसा सरकल्यावरही थोडा वेळ चालत राहतो. आपण ज्यांना हौसेने 'इनडोअर प्लांट' म्हणतो, ती सगळी मंडळी या तळाची रहिवासी. दिवाणखान्यासाठी कुणी झाड घडवलेलं नाही. दिवाणखाना आपोआपच जंगलाच्या तळासारखा झाला आहे.

अशा पानाची घडण पाहावी. सावलीतलं पान उन्हातल्यापेक्षा रुंद आणि पातळ असतं, कारण एकावर एक थर रचायला उजेडच नसतो. पेशींमधले हिरवे कण उजेड कमी झाला की हलतात आणि पानाच्या पृष्ठभागाला समांतर पसरून बसतात, म्हणजे एकही किरण सुटू नये. ऊन वाढलं की तेच कण पेशीच्या कडांना जाऊन दडतात. पानाचा स्वतःचा श्वासोच्छ्वासाचा खर्चही कमी असतो. उन्हातल्या झाडाची आवक-जावक जिथे जेमतेम जुळते, त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याच्या उजेडात या पानाची जुळते.

काहींची करामत याच्याही पुढची. मलेशियाच्या जंगलातल्या एका बिगोनियाची पानं मोरपिसासारखी निळी झळकतात. २०१६ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी या निळाईमागचं कारण दाखवून दिलं. पानातल्या हिरव्या कणांचे पापुद्रे इतक्या शिस्तीत रचलेले असतात की निळा उजेड परत फिरतो आणि जंगलाच्या तळाशी जास्त पोचणारा हिरवा-लाल उजेड जास्त शोषला जातो. त्यातून पाच ते दहा टक्के जास्तीचं काम निघतं. जिथे सगळाच दुष्काळ, तिथे हे पाच टक्केही जगवतात. मॉन्स्टेराच्या एका जातीचं तर वागणंच उफराटं. कोस्टा रिकाच्या जंगलात तिचं बी रुजलं की रोप उजेडाकडे न जाता काळोखाकडे सरपटत जातं. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी १९७५ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे मांडलं. जंगलात सगळ्यात गडद सावली म्हणजे मोठ्या झाडाचं खोड. तिथे पोचलं की रोप दिशा बदलतं आणि वर चढू लागतं.

आता मांजराकडे वळू. घरात आधी मांजर आणि मग झाडं आणणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट खटकते. कमी उजेडात टिकणाऱ्या झाडांची यादी काढावी: मनीप्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया, अॅग्लोनिमा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, झेडझेड, मॉन्स्टेरा. मग मांजरांना त्रासदायक झाडांची यादी काढावी. अमेरिकेतली ए.एस.पी.सी.ए. ही १८६६ पासूनची प्राणीरक्षक संस्था अशी यादी ठेवते. तिच्यातही हीच नावं पुढे येतात. नर्सरीवाला जे "काही करू नका, मरत नाही" म्हणून हातात ठेवतो, तेच नेमकं मांजराने चघळू नये असं निघतं.

वरची आठही झाडं एकाच कुळातली आहेत, आणि ते कूळ रत्नागिरीकरांच्या चांगल्या परिचयाचं आहे. ते अळूचं कूळ. सुरणही त्यातलाच. परसात न्हाणीच्या पाण्यावर, घराच्या सावलीला वाढणारं अळू हे आपलं अस्सल कमी उजेडातलं झाड, आणि ते खाजतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. अळूच्या पानात काही खास पेशी असतात. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची जुडी ठासून भरलेली असते, एकेक सुई मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी. पान चावलं की पेशीतला चिकट द्रव फुगतो आणि सुया जोराने बाहेर फेकल्या जातात. त्या जिभेत, घशात रुततात, आणि सुईबरोबर आलेली प्रथिनं जखमेत आग पेटवतात. म्हणून फदफद्यात चिंच किंवा आमसूल पडतं, म्हणून अळू नीट शिजवावंच लागतं. उत्तर कोकणात याच कुळातल्या शेवळाच्या भाजीत काकडं घालतात, तेही खाज मारायलाच. मनीप्लांटच्या पानात याच सुया असतात, आणि मांजराला आमसूल घालायला कोण येणार?

मग सावली आणि सुया एकत्र का? १९८३ साली फिलिस कोली यांनी पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर जंगलातल्या ४६ जातींच्या झाडांची पानं किती खाल्ली जातात ते मोजलं. मोकळ्या, उन्हाच्या जागी भराभर वाढणाऱ्या जातींची पानं सावलीत तग धरणाऱ्या जातींच्या पानांपेक्षा सहापट वेगाने कुरतडली जात होती. दोन वर्षांनी जॉन ब्रायंट आणि स्टुअर्ट चॅपिन यांच्याबरोबर त्यांनी त्यावर एक मांडणी उभी केली. ती मला फार आवडते, कारण ती घरखर्चासारखी सरळ आहे. उन्हातल्या झाडाची मिळकत मोठी. एक पान गेलं तर आठवड्यात दुसरं येतं, राखण कशाला करायची? सावलीतल्या झाडाची मिळकत तुटपुंजी. एक पान उभं करायला महिने लागतात, ते वर्षानुवर्षं चालवायचं असतं, तेव्हा त्याच्या राखणीवर केलेला खर्च वसूल होतो. म्हणून जिथे उजेड कमी तिथे पानं चिवट, तुरट, कडू, सुयांची. ही मांडणी जंगलातल्या मोठ्या झाडांवरून आलेली आहे आणि अळूचं कूळ उन्हातल्या पाणथळीतही सुया बाळगतं, हे खरंच. तरी माळनाक्यावरच्या कोपऱ्यात जे दिसतं त्याचा अर्थ बराचसा यातून लागतो. काळोखात न मरणं आणि चावणाऱ्याला चावणं या एकाच काटकसरीच्या दोन बाजू आहेत.

मनीप्लांटबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. याचं मूळ घर पॅसिफिकमधलं मोरेआ हे छोटं बेट. तो सहसा फुलतच नाही. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ची आहे, आणि २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कारण शोधलं. फुलोऱ्याला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारं जनुकच त्यात नीट काम करत नाही. म्हणजे रत्नागिरीतल्या बाटल्यांमधून, टाकीवरून, गॅलरीच्या गजांवरून लोंबणारे सगळे मनीप्लांट फांटी तोडून तोडून जगभर पसरलेले. शेजारणीकडून मागून आणलेली फांटी हीच त्याची वंशवेल.

मांजर पान खातंच कशाला, हाही प्रश्न आहेच. ते पक्कं मांसाहारी. त्याला गोड चव कळतच नाही. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांना त्यासाठीचं जनुक मांजरांत मोडलेलं आढळलं. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर बांगड्याच्या टोपलीभोवती घुटमळणाऱ्या बोक्यांना पालेभाजी कशाला हवी? तरी ती खातात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे बेंजामिन हार्ट यांनी हजारावर मांजरमालकांना विचारलं, तेव्हा सुमारे ७१ टक्के मांजरांनी निदान सहा वेळा तरी झाडपाला खाल्लेला दिसला होता. पोट बिघडलं म्हणून मांजर गवत खातं आणि ओकतं ही समजूत त्यात टिकली नाही. खाऊन नेहमी ओकणारी मांजरं थोडीच निघाली. हार्ट यांचा अंदाज असा की ही रानातल्या पूर्वजांची सवय आहे. चोथा आतड्यातून जाताना जंत बरोबर घेऊन जातो. आता जंत नसले तरी सवय राहिली.

या सवयीला यकृताची साथ नाही. पिढ्यान्‌पिढ्या मांस खाणाऱ्या या प्राण्याला वनस्पतींतली विषं निकामी करायची गरजच पडली नाही, आणि त्या कामाचं एक महत्त्वाचं जनुक निकामी होऊन गेलं. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते ती यामुळेच. अळूच्या सुयांनी मांजराची लाळ गळते, ते पंज्याने तोंड घासतं, कधी ओकतं, पण बहुधा त्यातून सावरतं, कारण आग होताच ते चावणं थांबवतं. खरी भीती वेगळ्या झाडांची आहे. बुकेमध्ये येणारी मोठी, घमघमणारी लिली घरात आणूच नये. तिचं पान, पाकळी, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, फार काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड बंद पाडतं. ते नेमकं कुठल्या द्रव्याने, हे अजून सापडलेलं नाही. पीस लिली नावापुरती लिली, ती अळूवाली. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी पेटणारी कळलावी हौसेने कुंडीत लावतात, तिच्यात कोल्चिसिन असतं. सायकस यकृत नासवतो. खिडकीतली कोरफड आणि पानओवा, ज्यांना आपण घरचं औषध समजतो, तेही मांजरांच्या वर्ज्य यादीत आहेत. आणि मांजर कुंडी उकरू नये म्हणून मातीत डांबरगोळ्या पुरण्याची एक युक्ती चालते, ती झाडांपेक्षा वाईट.

मग लावायचं काय? याचंही उत्तर पावसाळी भाज्यांत आहे. पहिल्या पावसानंतर बाजारात फोडशीच्या जुड्या येतात, काही जण तिला कुलू म्हणतात. गवतासारखी लांब पानं, खाली जाड मुळं. तिची एक बहीण सफेद मुसळी. शास्त्रीय नावात तिने मुंबईची बोरिवली मिरवली आहे. आणि दुसरी, दक्षिण आफ्रिकेची, म्हणजे स्पायडर प्लांट. फोडशीने राखणीऐवजी दुसरा मार्ग धरला. साठा जमिनीखाली ठेवायचा, पान गेलं तर जाऊ द्यायचं, पुन्हा काढायचं. स्पायडर प्लांटच्या पांढऱ्या, पाणी साठवणाऱ्या जाड मुळांत तोच स्वभाव दिसतो. मांजर त्याच्या लोंबत्या पानांशी खेळतं, शेंडे कुरतडतं, आणि दोघांचं काही बिघडत नाही. अति खाल्लं तर ओकेल, एवढंच. पण कुळावर फार विसंबू नये. स्नेक प्लांटही याच शतावरीच्या कुळातला, आणि त्यातली फेस येणारी सॅपोनिन द्रव्यं मांजराला बाधतात.

आरारुटाच्या कुळातली कॅलेथिया आणि मरांटा ही झाडं मांजराला निर्धोक. दिवसा पसरलेली पानं रात्री उभी राहतात. देठाच्या सांध्यातलं पाणी एका बाजूच्या पेशींतून दुसऱ्या बाजूला जातं म्हणून. ही हालचाल बघायला मांजर टपून बसतं, तेव्हा कुंडी जड असावी. पावसात जांभ्याच्या गडग्यांवर उगवणाऱ्या नेच्यांचा भाऊबंद बोस्टन फर्न, मिरीच्या कुळातली पेपरोमिया, बुटका पार्लर पाम आणि अॅस्पिडिस्ट्रा हेही चालतात. मिरी सावलीची वेल आहे हे इथे कुणाला सांगायला नको. शहराला लागून असलेल्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळांच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी लावायची 'लाखी बाग' शेतकऱ्यांपर्यंत नेली, ती याच जोरावर. नारळाखालची सावली दिवाणखान्याच्या मानाने श्रीमंत, पण कोणाला किती उजेड पुरतो ते ओळखून जागा द्यायची, ही रीत एकच.

जागा ओळखायला मीटर लागत नाही. कुंडी ठेवायची तिथे डोकं टेकवून बघावं. आभाळाचा तुकडा दिसला तर झाड वाढेल; समोरच्या इमारतीची भिंतच दिसली तर तगेल; नुसता पडदा दिसला तर तिथे फ्लॉवरपॉट ठेवावा. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे घ्यायची गरज नाही. साधी पांढरी एलईडी पट्टी पानांच्या फूटभर वर, दिवसाचे बारा तास लावली तरी कोपऱ्याच्या शंभर लक्सचे हजारावर होतात. जुलैमध्ये मात्र हात आवरावा. कमी उजेडात पान पाणी कमी ओढतं, दमट हवा माती सुकू देत नाही, आणि घरातली झाडं पाण्यावाचून मरण्यापेक्षा पाण्याने बुडून जास्त मरतात. मातीत नारळाच्या सोडणांचा चुरा आणि चिऱ्याचे खडे सढळ हाताने घालावेत. झाडं घराची हवा शुद्ध करतात हा समज सोडून द्यावा. २०१९ साली जुने प्रयोग पुन्हा तपासले गेले तेव्हा हिशेब असा निघाला की खिडकी उघडण्याएवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील. खिडकी उघडावी, मांजर असेल तर जाळी लावून.

आणि मांजराला त्याचं स्वतःचं झाड द्यावं. ते कसं वाढवायचं हे आपल्याला नवरात्रापासून माहीत आहे. देवघराच्या काळोखात घटाखाली घातलेलं रुजवण नऊ दिवसांत वीतभर होतं आणि पिवळं राहतं, कारण अंधारात रोप दाण्यातला सगळा साठा उंचीवर लावतं. हिरवं होण्यासाठी उजेडाची खूण पटावी लागते. दाराकडून उजेड येत असेल तर सगळे कोंब तिकडे झुकतात. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या अशाच कोंबांच्या टोकांना टोप्या घातल्या आणि १८८०च्या पुस्तकात लिहिलं, की उजेड टोकाला कळतो आणि वाकतं मात्र खालचं अंग. टोप्या घातलेले कोंब सरळच राहिले होते. मांजरासाठी मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरावेत, कोंब आले की खिडकीत आणावेत. पान बुडापासून वाढतं, त्यामुळे शेंडा खाल्ला तरी वर येत राहतं. दहा-बारा दिवसांनी कुंडी थकते, तेव्हा दुसरी तयार हवी. नवरात्रात तेवढं देवघराचं दार लावून घ्यावं. मांजराला घटाचं रुजवण आणि आपली कुंडी यांतला फरक कळत नाही, आणि घरातल्या आजीला तो फार कळतो.